भुकटीचा दाणा आणि त्याची साल : टाकाऊ रबर मिसळलेल्या कंपाउंडचे गुणधर्म कसे सुधारावेत?

घनचाक
नमस्कार मंडळी.

ट्रॉलीची भरीव रबरी चाके बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात मी कंपाउंडचे, म्हणजे रबरात मसाले मिसळून होणाऱ्या मिश्रणाचे, काम पाहतो. आमची कृती साधी आहे : नैसर्गिक रबर ७० भाग, एसबीआर (एक कृत्रिम रबर) ३० भाग, एन-३३० कार्बन ब्लॅक (ताकद देणारी काजळी) ५० भाग, प्रोसेस ऑइल ८ भाग, नेहमीचे झिंक ऑक्साइड आणि स्टिअरिक ॲसिड, गंधक २ भाग आणि सीबीएस (गंधकाची क्रिया जलद करणारा ॲक्सिलरेटर) १ भाग. जुन्या टायरच्या भुकटीचा काहीतरी उपयोग करावा असे मालकांच्या मनात बरेच दिवस घोळत होते, म्हणून १०० भाग रबरामागे ३० मेशची (मेश म्हणजे चाळणीच्या जाळीचा आकडा, तो जितका मोठा तितकी भुकटी बारीक) ३० भाग भुकटी घालून, बाकी कृतीला हात न लावता, एक बॅच काढून पाहिली.

ताणशक्ती १९ मेगापास्कलवरून १२ वर आली आणि तुटेपर्यंतची लांबण जवळजवळ एक तृतीयांशाने घटली. रिओमीटरच्या, म्हणजे तापवलेले रबर किती पक्के होते ते मोजणाऱ्या यंत्राच्या, आलेखाची वरची पातळी खाली सरकली आणि, जे मला मुळीच अपेक्षित नव्हते, स्कॉर्चचा वेळही, म्हणजे रबर पक्के होऊ लागण्यापूर्वी हाती असलेला वेळही, कमी झाला. कडकपणात मात्र दोन अंकांचाही फरक पडला नाही.

तुटलेला डंबेल (ताणून पाहण्याचा नमुना) भिंगाखाली धरला, तेव्हा तुटीच्या कडेवर एक दाणा अर्धवट बाहेर आलेला दिसला. सुईच्या टोकाने त्याला नुसते उचकले, तर तो अख्खा निघून आला आणि दात पडल्यावर हिरडीत राहतो तसा खळगा मागे राहिला. भुकटीही रबराचीच आणि भोवतालचे कंपाउंडही रबराचेच असताना दोघे एकमेकांना धरून का बसत नाहीत, हा माझा मुख्य प्रश्न आहे. बारीक भुकटी घ्यावी, की भुकटीचा नाद सोडून रिक्लेम, म्हणजे शिजवून पुन्हा मऊ केलेले जुने रबर, वापरावे, याबद्दलही जाणकारांचे मत हवे आहे.

आळशी_अणू
वाचतो आहे. विषय रबराचा असल्यामुळे धागा ताणला जाणार, हे ओघाने आलेच.

गंधकपुराण
घनचाकसाहेब, तुमच्या निकालात विसंगती काहीच नाही. भुकटीला तुम्ही खडूच्या पुडीसारखा निष्क्रिय भराव समजलात, तिथे गणित चुकले. दाण्यातले रबर पूर्वी क्युअर (गंधक आणि उष्णता देऊन पक्के) झालेले असले, तरी त्यातले दुहेरी बंध संपलेले नसतात. मिश्रण तापले की कच्च्या कंपाउंडमधले विरघळलेले गंधक दाण्यात शिरू लागते. जिथे गंधक कमी तिथे ते जाणार, एवढा साधा हा नियम आहे. दाण्यात गेलेले गंधक तिथे नवे बंध तयार करून दाण्याला आणखी कडक करते आणि भोवतालच्या कंपाउंडला मात्र तेवढे गंधक कमी पडते. आलेखाची वरची पातळी खाली येते ती यामुळे. कडकपणा न बदलण्याचे कारणही हेच, कारण कडक झालेले दाणे आणि मऊ राहिलेले कंपाउंड यांची सरासरी कडकपणाचा मापक दाखवतो आणि आपण फसतो.

स्कॉर्चची गोष्ट उलट्या दिशेची आहे. दाण्यात पूर्वीच्या क्युअरमधून उरलेले ॲक्सिलरेटर आणि त्यांचे अवशेष असतात. ते दाण्यातून बाहेर कंपाउंडमध्ये येतात आणि क्युअर लवकर सुरू करतात. एकदा मी थोडी भुकटी ॲसिटोनने चांगली धुऊन, वाळवून वापरली होती, तेव्हा स्कॉर्चचा वेळ बराचसा मूळपदावर आला होता. कारखान्यात रोज कोणी भुकटी ॲसिटोनने धूत बसणार नाही, हे मलाही कळते. पण कारण कुठे आहे ते त्या एका प्रयोगाने ठरले.

पटत नसेल तर एक सोपा प्रयोग करून पाहा. पक्क्या रबराची पातळ शीट दोन कच्च्या शीटच्या मध्ये ठेवून प्रेसमध्ये क्युअर करा आणि नंतर तिन्हींचा कडकपणा मोजा. मधली शीट पूर्वीपेक्षा कडक झालेली असेल आणि बाहेरच्या दोन्ही नेहमीपेक्षा मऊ राहिलेल्या असतील. एरवी न दिसणारी गंधकाची ही चोरी तिथे रंगेहाथ सापडते.

उपाय असा. टायरच्या भुकटीत साधारण निम्म्याहून थोडे जास्त रबर असते, बाकी ब्लॅक, तेल आणि राख. म्हणजे तुमच्या ३० भागांत सुमारे १६ भाग रबर आहे. त्या १६ भागांच्या वाट्याचे गंधक वेगळे द्या, म्हणजे २ भागांच्या हिशेबाने आणखी ०.३ भाग. स्कॉर्च सांभाळण्यासाठी क्युअर लांबवणारा सीटीपी हा रिटार्डर ०.१ ते ०.२ भाग पुरतो.

घनचाक
म्हणजे गंधक दाण्यात जाते आणि ॲक्सिलरेटर दाण्यातून येतो! हा व्यवहार मी कल्पिलाच नव्हता. आभारी आहे. पण खळग्याचे कोडे यातून पूर्ण सुटते का?

चाळणी
ते सुटत नाही, आणि त्यासाठी दाण्याच्या आकाराकडे पाहावे लागते.

३० मेशची चाळण पार करणारा दाणा जास्तीत जास्त ०.६ मिलिमीटरचा असतो, ४० मेशचा ०.४ च्या आसपास आणि ८० मेशचा ०.१८ च्या आसपास. भुकटी न घातलेल्या चांगल्या रबरातही सूक्ष्म दोष असतातच, पण त्यांचा आकार मायक्रॉनच्या दोन आकडी घरात असतो. तिथे तुम्ही ६०० मायक्रॉनचा, भोवतालच्या रबराला धड न चिकटलेला दाणा ठेवलात, तर तडा कुठून सुरू होणार हे वेगळे सांगायला नको. नैसर्गिक रबराची बरीचशी ताकद ताणताना होणाऱ्या स्फटिकीभवनातून येते, आणि तडा लवकर फुटला तर स्फटिक तयार होण्याइतका ताण येण्यापूर्वीच नमुना तुटतो. म्हणूनच भुकटीचा फटका नैसर्गिक रबराला जास्त बसतो. ब्लॅक न घातलेले एसबीआर मुळातच इतके दुबळे असते, की त्यात टायरची भुकटी घातल्यावर ताणशक्ती वाढलेलीसुद्धा दिसते, कारण दाण्याबरोबर त्यातले ब्लॅकही येते.

आकाराइतकेच महत्त्व दळण्याच्या पद्धतीला आहे. सामान्य तापमानाला दळलेल्या भुकटीचा दाणा फाटून निघालेला असतो, त्यामुळे त्याचा पृष्ठभाग खडबडीत, स्पंजासारखा आणि क्षेत्रफळाने मोठा असतो. द्रव नायट्रोजनने, म्हणजे उणे १९६ अंश सेल्सिअसच्या थंडीने, रबर काचेसारखे ठिसूळ करून फोडले, की दाणा स्वच्छ आणि बारीक मिळतो, पण त्याचा पृष्ठभाग काचेच्या तुकड्यासारखा गुळगुळीत असतो. एकाच मेशच्या दोन भुकट्यांपैकी खडबडीत दाणा कंपाउंडला अधिक पकडतो, असा माझा अनुभव आहे. तेव्हा भुकटी घेताना मेशबरोबर ती कशी दळली आहे हेही विचारावे.

उपटसुंभ
मेश वाढवत नेल्यास प्रश्न आपोआप सुटेल, असे यावरून वाटते. मग थेट २०० मेशची भुकटी का घेऊ नये?

चाळणी
घ्यावी, पण दळण्याचा खर्च मेशबरोबर झपाट्याने चढतो आणि ज्या बचतीसाठी हा सारा खटाटोप केला तीच नाहीशी होते. शिवाय अतिबारीक भुकटीचे दाणे एकमेकांना चिकटून गोळे बनतात. ते टाळण्यासाठी तिच्यात खडू किंवा टाल्कची पूड मिसळलेली असते, आणि ती पूड पुन्हा दाणा व कंपाउंड यांच्यामध्येच येऊन बसते. अशा भुकटीचे पोते उन्हात किंवा गरम जागी साठवू नये, हेही जाता जाता सांगतो, कारण बारीक रबराचा ढीग आतून स्वतःच तापत जातो.

निवृत्त_मिलवाला
वरची शास्त्रीय चर्चा उत्तमच आहे, पण माझी सारी नोकरी टू-रोल मिलसमोर, म्हणजे दोन रोलांमध्ये रबर मळणाऱ्या यंत्रासमोर, उभे राहून गेली आहे, त्यामुळे माझा पहिला प्रश्न वेगळा आहे. घनचाकराव, भुकटी तुम्ही मिलवर केव्हा घातलीत? शेवटी, गंधकाच्या थोडी आधी घातली असेल, तर ती मिश्रणात नुसती पसरली, मुरली नाही.

माझी रीत सांगतो. कृतीतल्याच तेलापैकी निम्मे तेल भुकटीवर शिंपडून, चांगले कालवून, ती झाकून रात्रभर ठेवायची. कोरडा दाणा मिलवर गेला की भोवतालच्या कंपाउंडमधले तेल शोषून घेतो आणि स्वतःभोवती कोरडा पट्टा तयार करतो. तेल आधीच प्यालेला दाणा तसे करत नाही, आणि फुगलेला असल्यामुळे रोलच्या निपमध्ये, म्हणजे दोन रोलांमधल्या फटीत, लवकर फाटतो. सकाळी नैसर्गिक रबर रोलवर पट्टा धरू लागले की ब्लॅकच्या आधी ही भुकटी घालायची, निप जितकी बसेल तितकी आवळायची आणि शीट सहा-सात वेळा पातळ काढायची. बोटांच्या चिमटीत शीट ताणून उजेडाकडे धरल्यावर दाणे वाळूसारखे टोचत नाहीत असे झाले, की मगच पुढचे मसाले.

दुसरी गोष्ट ओलाव्याची. एकदा पावसाळ्यात आलेली भुकटी आम्ही तशीच वापरली आणि मोल्डमधून निघालेला माल आतून पावासारखा जाळीदार निघाला. दिवसभर आम्ही प्रेसचा दाब आणि मोल्डची हवा काढण्याची पद्धत यांनाच दोष देत राहिलो. संध्याकाळी एका पोऱ्याने मूठभर भुकटी तापत्या प्लेटवर टाकली आणि तिच्यातून वाफ निघताना सर्वांनी पाहिली. तेव्हापासून ६० ते ७० अंशांवर वाळवल्याशिवाय भुकटी मिलजवळ येऊ दिली नाही.

आळशी_अणू
मिलवाले काका, त्या पोऱ्याला बढती मिळाली की नाही?

निवृत्त_मिलवाला
मिळाली. पुढे तो माझाच साहेब झाला.

रिक्लेमप्रेमी
भुकटीवर इतके संस्कार करण्यापेक्षा घनचाक यांनी रिक्लेमचा विचार करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. रिक्लेम म्हणजे तीच भुकटी, पण तेल आणि डायसल्फाइडसारख्या रसायनाबरोबर ऑटोक्लेव्हमध्ये काही तास उच्च तापमानाला शिजवून, मग रिफायनरच्या आवळ निपमधून काढून शीटच्या रूपात आणलेली. ते कंपाउंडमध्ये वितळल्यासारखे मिसळते आणि मिश्रणाचा वेळ वाचवते. कॅलेंडरवर शीट आक्रसत नाही, एक्स्ट्रुडरच्या डायमधून निघालेला माल कमी फुगतो. दाणाच उरत नसल्यामुळे खळग्याचाही प्रश्न येत नाही.

मात्र लोक ते घालताना हिशेब चुकवतात. संपूर्ण टायरच्या रिक्लेममध्ये रबर साधारण निम्मे असते. तुम्ही २० भाग रिक्लेम घातले, तर कच्च्या रबरातून १० भागच कमी करायचे, आणि उरलेल्या १० भागांत आलेले ब्लॅक व तेल कृतीतून वजा करायचे. वीस घालून वीस काढणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांच्या कंपाउंडमध्ये रबर कमी आणि भराव जास्त होतो, आणि मग रिक्लेम वाईट म्हणून ते बोटे मोडतात.

शंकासुर
रिक्लेमप्रेमी यांच्या हिशेबाशी मी सहमत आहे, पण ‘दाणाच उरत नाही’ या विधानाशी नाही. रिक्लेमची पातळ शीट टोल्युइनमध्ये दोन दिवस ठेवून पाहा. चांगला मोठा भाग न विरघळता फुगलेल्या जेलच्या रूपात राहतो. दाणा गेलेला नसतो, तो मऊ आणि लहान झालेला असतो.

याहून गंभीर आक्षेप असा. गंधकाचे बंध तोडायचे आणि रबराची मूळ साखळी शाबूत ठेवायची, याला डीव्हल्कनायझेशन म्हणतात. प्रत्यक्षात उष्णता आणि घर्षण यांना दोन्हींतला फरक कळतोच असे नाही. गंधक-गंधक बंधाची ऊर्जा साधारण २६८ किलोज्यूल प्रतिमोल, कार्बन-गंधक बंधाची २८५ आणि कार्बन-कार्बन बंधाची ३५० च्या आसपास मानली जाते. अंतर आहे, पण इतके मोठे नाही की आवळ निपमध्ये चिरडताना फक्त गंधकाचाच बंध तुटावा. साखळी तुटली की रबर मऊ पडते, छान वाहते, हाताला सुरेख लागते. आणि क्युअर केल्यावर त्याला जीव राहत नाही. मूनी (कच्च्या रबराचा घट्टपणा) घटली म्हणून माल चांगला झाला असे सांगणाऱ्या विक्रेत्याला मी एकच प्रश्न विचारतो : सोल (विरघळणारा भाग) किती आणि उरलेल्या जेलमधली बंधांची घनता किती? हॉरिक्स यांनी १९५६ मध्ये मांडलेल्या आलेखावर हे दोन आकडे ठेवले, की साखळी तुटली आहे की गंधकाचे बंध सुटले आहेत, याचा बराच उलगडा होतो. बंधांची घनता खूप घटूनही सोल थोडेच वाढले असेल, तर काम नेमके झाले आहे. घनता फारशी न घटता सोलच भरमसाट वाढले असेल, तर साखळीचे तुकडे झाले आहेत.

रिक्लेमप्रेमी
शंकासुर, आक्षेप रास्त आहे आणि माझे विधान मी ‘दाणा बराच मऊ होतो’ असे दुरुस्त करतो. पण ट्रॉलीच्या चाकाला विमानाच्या टायरची ताकद लागत नाही, हेही लक्षात घ्यावे. माल कशासाठी वापरायचा आहे, यावरूनच कमी-जास्त ठरते.

इतिहासवेडा
थोडे अवांतर. चार्ल्स गुडइयर यांना १८३९ मध्ये गंधक आणि उष्णता यांचा मेळ सापडला, १८४४ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळाले आणि १८६० मध्ये ते कर्जात बुडालेल्या अवस्थेत वारले. ज्या बंधांसाठी त्यांनी आयुष्य वेचले, तेच कसे सोडवावेत यावर आज आपण धागा चालवतो आहोत.

आळशी_अणू
आणि चर्चेचे बंध मात्र एकातूनही सुटत नाहीत.

ईपीडीएम_ताई
मी दारे-खिडक्यांच्या रबरी पट्ट्यांच्या क्षेत्रात काम करते, त्यामुळे माझा टाकाऊ माल टायरचा नसून आमच्याच एक्स्ट्रुजन लाइनचा आहे. या धाग्यात अजून न आलेला मुद्दा म्हणजे भुकटी कोणत्या रबराची आहे आणि ती कोणत्या रबरात जाते आहे. आमच्याच ईपीडीएम या कृत्रिम रबराच्या पट्ट्यांची भुकटी त्याच कंपाउंडमध्ये १५ भागांपर्यंत घातली, तर पट्टीच्या गुळगुळीतपणापलीकडे फारशी तक्रार येत नाही, कारण कृती ओळखीची आणि रबर एकाच जातीचे. हीच भुकटी कोणी नैसर्गिक रबरात घातली, तर मात्र फजिती होते. ईपीडीएममध्ये दुहेरी बंध थोडे असतात, त्यामुळे गंधक आणि ॲक्सिलरेटर दोन्ही नैसर्गिक रबराकडे ओढले जातात आणि सीमारेषेवर ईपीडीएमच्या बाजूने बंध तयारच होत नाहीत. दाणा नुसता पाहुण्यासारखा बसून राहतो.

ब्युटाइल या दुसऱ्या कृत्रिम रबराच्या बाबतीत तर आणखी काळजी घ्यावी. जुन्या ब्युटाइल ट्यूबच्या रिक्लेमला चांगली मागणी असते, पण त्यात नैसर्गिक रबराचे थोडे तुकडे मिसळले तरी ते क्युअरची रसायने खाऊन टाकतात आणि ब्युटाइल कच्चे राहते. वर्गवारीच्या टेबलावर वाचवलेला एक तास पुढे प्रेसवर दहा तासांनी वसूल होतो.

टायरमध्येही हा भेद आहेच. ट्रकच्या टायरमध्ये नैसर्गिक रबराचे प्रमाण मोटारीच्या टायरपेक्षा जास्त असते. घनचाकदादा, तुमच्या कृतीत ७० भाग नैसर्गिक रबर आहे, तेव्हा शक्य असल्यास ट्रकच्या टायरच्या वरच्या पट्ट्याचीच, म्हणजे ट्रेडची, भुकटी मागा. तिच्यात कापडाचे तंतूही नसतात.

निवृत्त_मिलवाला
ताईंच्या शेवटच्या वाक्याखाली रेघ ओढावी. कापडाचा कापूस भुकटीत आला की तो मिलवर कधीच मोडत नाही, आणि मालावर केसाळ ठिपके दिसतात.

जुनाट_गंज
तंतूंबरोबर पितळही पाहा. टायरमधल्या पोलादी तारेला रबर चिकटावे म्हणून पितळेचा मुलामा दिलेला असतो, आणि पितळात तांबे असते. लोखंड चुंबकाला लागते, पण दळताना खरवडून निघालेला पितळेचा कण चुंबकाला दाद देत नाही. तांबे हे नैसर्गिक रबराचे जुने वैरी असून ते ऑक्सिडेशनचा वेग वाढवते. आमच्याकडे एकदा ताज्या मालाचे सगळे आकडे उत्तम आले आणि ७० अंशांवर सात दिवस ओव्हनमध्ये ठेवलेले नमुने मात्र बोटाने दाबताच चिरले. कृती निर्दोष होती, दोष भुकटीत होता. म्हणून भुकटी घातलेल्या कंपाउंडचा निवाडा ताज्या टेन्साइलवर (ताणशक्तीवर) करू नये. ओव्हनमधला नमुना, डीआयएन घर्षण चाचणी आणि वारंवार वाकवण्याची चाचणी या तिन्हींशिवाय मी तरी सही करत नाही.

उपटसुंभ
सिलेन, ओझोन, क्लोरिनेशन यांबद्दल बरेच वाचायला मिळते. दाण्याच्या पृष्ठभागावर प्रक्रिया करण्याचा प्रत्यक्षात कोणाला अनुभव आहे का?

गंधकपुराण
थोडा आहे. ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक ॲसिडने दाण्यावर क्लोरीन बसवता येते, पण त्याने पृष्ठभाग ध्रुवीय होतो. पॉलियुरेथेन किंवा नायट्राइलमध्ये भुकटी घालायची असेल तेव्हा त्याचा उपयोग, नैसर्गिक रबरात ती उलटी अडचणच. ट्रान्स-पॉलिऑक्टेनामर हे पॉलिमर वेगळ्या वळणाचे साधन आहे. मिलच्या तापमानाला ते पातळ होऊन दाण्याला लेप देते, त्याच्यात दुहेरी बंध असल्यामुळे पुढे क्युअरमध्ये भाग घेते आणि दाणा व कंपाउंड या दोघांनाही शिवून टाकते. काम चांगले करते, पण लहान कारखान्याला ते परवडेलच असे नाही.

माझ्या मते या सगळ्या खटपटींचे मर्म एकच आहे. दाण्याच्या गाभ्याला काही करायचे नाही, त्याची साल तेवढी उघडायची. गाभा शाबूत राहिला तर त्यातली जुनी ताकद टिकते, आणि साल सैल झाली की कच्च्या रबराच्या साखळ्या तिच्यात शिरून क्युअरच्या वेळी दोन्हीकडे बंध बांधतात. शंकासुर यांचा आक्षेप संपूर्ण दाणा शिजवण्याला लागू पडतो. नुसती साल उघडण्यात साखळ्या तुटल्या, तरी नुकसान तेवढ्यापुरतेच राहते. मिलवाले काकांची तेलात भिजवून आवळ निपमधून काढण्याची रीत नकळत हेच करते. भिजवण्याच्या तेलात डायसल्फाइड जातीचा पेप्टायझर (रबर मऊ करणारे रसायन) अर्धा भाग विरघळवला, तर तीच रीत अधिक नेमकी होईल.

निवृत्त_मिलवाला
नकळत म्हणालात, तेवढे मात्र लागले. कळत होते, फक्त सालीला साल म्हणतात हे ठाऊक नव्हते.

शंकासुर
गंधकपुराण यांच्या युक्तिवादात मला खोट सापडत नाही. एक सावधगिरी मात्र सुचवतो. पेप्टायझर दाण्यापुरता थांबत नाही, तो कच्च्या नैसर्गिक रबराच्या साखळ्याही तोडतो. म्हणून भिजवलेली भुकटी आधी एकटीच निपमधून दहा-बारा वेळा काढावी आणि ती पापुद्र्यासारखी पट्टी धरू लागली, की मगच रबरात घालावी.

घनचाक
मंडळी, तीन आठवड्यांनी परत आलो आहे. सर्वांचे म्हणणे एकत्र करून नवी बॅच काढली.

भुकटी ट्रकच्या ट्रेडची, ४० मेशची, सामान्य तापमानाला दळलेली घेतली. ती वाळवली, ८ भागांपैकी ४ भाग तेलात अर्धा भाग पेप्टायझर विरघळवून त्यात रात्रभर भिजवली आणि सकाळी एकटीच आवळ निपमधून काढली. पहिल्या चार फेऱ्यांत ती रोलखालच्या ट्रेमध्ये नुसती गळत राहिली आणि आमचा मिल ऑपरेटर माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होता, ती इथे लिहिण्यासारखी नाही. नवव्या फेरीला तिने फाटकी का होईना, पण पट्टी धरली. मग नैसर्गिक रबर, त्यानंतर एसबीआर आणि ब्लॅक. गंधक २.३ भाग, सीटीपी ०.१५ भाग. प्रमाण तेच, १०० ला ३०.

ताणशक्ती १६ मेगापास्कल मिळाली. स्कॉर्चचा वेळ जवळजवळ मूळच्या कंपाउंडइतका झाला आणि आलेखाची वरची पातळीही वर आली, किंबहुना मूळच्या कंपाउंडपेक्षा थोडी वरच गेली. घर्षणाची झीज किंचित जास्त आहे, पण चाकासाठी चालण्याजोगी आहे. वाकवण्याच्या चाचणीत मात्र नमुना अजूनही निम्म्या वेळातच चिरतो. ओव्हनमधले नमुने अजून बाहेर यायचे आहेत.

आणि तो खळगा. तुटलेला डंबेल पुन्हा भिंगाखाली धरला. या वेळी तुटीच्या कडेवर दाणे सापडायलाच वेळ लागला. मोजून अकरा दाणे दिसले, त्यांपैकी तीन सुईने उचकल्यावर पूर्वीसारखे निघाले. बाकीचे आठ कंपाउंडबरोबर मधूनच फाटलेले होते आणि त्यांची अर्धी बाजू डंबेलच्या दुसऱ्या तुकड्यात गेलेली होती.

चाळणी
अकरांपैकी आठ! ८० मेशसाठी जादा पैसे मोजण्यापूर्वी तुम्ही ४० वरच हे साधलेत, याचे मनापासून अभिनंदन. उरलेले तीन गुळगुळीत होते की खडबडीत, तेवढे पाहून सांगावे.

घनचाक
गुळगुळीत. तिन्ही.

ईपीडीएम_ताई
दादा, चाकाला वाकवण्याची चाचणी कितपत लागू पडते? चाक दाबले जाते, पट्टीसारखे दुमडले जात नाही. त्यापेक्षा कॉम्प्रेशन सेट, म्हणजे दाब काढल्यावर मागे राहणारा चपटेपणा, पाहा. गोदामात महिनाभर वजनाखाली उभी राहिलेली ट्रॉली ढकलताना चाक एका बाजूला चपटे लागले, तर गिऱ्हाईक टेन्साइलचा आकडा ऐकून घेणार नाही.

गंधकपुराण
ताईंशी सहमत. तरीही चिरण्याचे कारण शोधावेच. आलेखाची वरची पातळी मूळच्या कंपाउंडपेक्षा वर गेली, याचा अर्थ माझे ०.३ भाग गंधक या भुकटीसाठी थोडे जास्त झाले. साल उघडलेल्या दाण्याची भूक मी पूर्वीच्याच हिशेबाने मोजली, ती चूक माझी. बंध गरजेपेक्षा दाट झाले की रबर वाकताना लवकर चिरते. पुढची बॅच २.१५ वर काढा, बाकी काहीही बदलू नका आणि कॉम्प्रेशन सेट व वाकवण्याची चाचणी एकाच बॅचवर घ्या. सेट बिघडला तर सीबीएस ०.२ ने वाढवू, गंधकाला पुन्हा हात लावायचा नाही.

घनचाक
मान्य. मिल परवा दुपारनंतर रिकामी मिळते आहे, भुकटी उद्या संध्याकाळीच तेलात भिजत घालतो. ऑपरेटरला आधी चार फेऱ्यांची कल्पना देऊन ठेवली आहे.